परेडच्या तोंडावर गेलेला आवाज

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक बाई माझ्याकडं आल्या. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनचा दिवस ठरला होता. चहा घेता घेता त्यांनी हळूच विचारलं, "नंतर बोलता येतं ना हो?" मी म्हटलं, "आता कोण बोलतंय तुमच्याशी?" त्या हसल्या, पण त्यांचं समाधान झालं नाही. माझा आवाज त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो काही धड आवाज नव्हे हे कुणालाही कळतं. त्या गेल्यावर वाटलं, हे चहाच्या एका कपात सांगून होण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले. पण गळ्याचं सांगायचं तर तो गळा मी कशासाठी वापरत होते, ते आधी सांगायला हवं.

ग्राउंडवरची बाई

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे. चीनच्या युद्धानंतर कॉलेजातल्या मुलांना लष्करी शिक्षण देणारी छात्रसेना जोरात सुरू झाली आणि पाठोपाठ मुलींचीही तुकडी निघाली. तिला एक शिक्षिका हवी होती. आमच्या कॉलेजातल्या दोघीजणी नको म्हणाल्या. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणून बसले. ग्वाल्हेरला जाऊन ट्रेनिंग घेतलं आणि खाकी साडी, खांद्यावर फीत अशी घरी परत आले.

माझ्या सासूबाईंना आम्ही आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायचो. त्यांनी मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोस्टमनची बायको दिसतीयास की." मग भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं. त्यांची तऱ्हाच तशी होती.

पहिली काही वर्षं आमच्या मुलींचं काम म्हणजे बँडेज बांधणं, स्ट्रेचर उचलणं आणि सव्वीस जानेवारीला पाहुण्यांसमोर स्वागतगीत म्हणणं. रायफल मुलांची, संचलन मुलांचं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. खुद्द सैन्यात तरी बायका कुठं होत्या? नर्स किंवा डॉक्टर, एवढंच. आम्हाला कवायत शिकवायला सैन्यातून एक हवालदार आले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शाहूवाडीकडचा, मराठा पलटणीतला माणूस. आपल्याला मुलींकडं पाठवलं म्हणून त्यांचं तोंड आधी उतरलं होतं. पुढं ओळख वाढल्यावर त्यांनीच मला सांगितलं की पासष्टच्या लढाईत जखमी होऊन ते इस्पितळात पडले होते, तेव्हा त्या वॉर्डावर हुकूम चालायचा तो एका बाईचा. कॅप्टन होत्या त्या. गोळी काढताना हे ओरडायला लागले तर त्यांनी यांना दम भरला होता. "तवाधरनं बाईमाणसाचा हुकूम मला काय नवा न्हाय," असं ते म्हणायचे.

हुकूम द्यायला मला त्यांनीच शिकवलं. गळ्यातून ओरडू नका, फाटेल, पोटातून काढा, असं रोज सांगायचे. लहानपणापासून मला हळू बोल, हळू हस, हेच ऐकायची सवय. बत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा भर ग्राउंडवर "सावधान" म्हणून ओरडले आणि समोरच्या सगळ्या मुलींच्या टाचा एकदम जुळल्या. खोटं कशाला सांगू, मला त्याची चटकच लागली. आमचं घर ग्राउंडच्या मागच्याच गल्लीत. संध्याकाळी घरी आले की आत्याबाई म्हणायच्या, अख्ख्या पेठेला सावधान केलंस, आता जरा पोळ्यांकडं बघ.

बांगलादेशच्या लढाईनंतर वारं थोडं बदललं. पुष्कळ खटपटीनंतर पुढच्या वर्षी ठरलं की येत्या सव्वीस जानेवारीला आमच्या मुली गाणं म्हणणार नाहीत. खांद्यावर रायफल घेऊन मुलांच्या बरोबरीनं संचलनात चालतील, आणि त्यांना हुकूम मी देईन. गावात हे पहिल्यांदाच होणार होतं. आम्ही दिवाळीच्या आधीपासून सराव सुरू केला.

गाठ

गाठ सापडली ती दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. आत्याबाई दरवर्षी माझ्या अंगाला तेल लावायच्या. सुनेला कोण लावतं, पण त्यांना मुलगी नव्हती आणि मला आई नव्हती, त्यामुळं आमच्यात हे चालायचं. गळ्यावरून हात फिरवताना त्या थांबल्या. परत तिथंच बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय गं?" मीही हात लावून पाहिला. बोराएवढं काहीतरी होतं आणि घोट गिळला की वरखाली होत होतं. संध्याकाळी माझा आवाज बसतो हे मला माहीत होतं. सरावामुळं बसत असेल, असं मी धरून चालले होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या सर्जनकडं पाठवलं. त्यांचं नाव मी इथं देत नाही, माणूस भला होता. मी सरावावरून तशीच खाकी साडीत गेले होते. त्यांनी गळा चाचपला, घशात आरसा घालून पाहिलं, आणि मग माझ्याकडं न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, जरा बाहेर येता?" दोघं बाहेर गेले आणि मी आत स्टुलावर बसून राहिले. मुलींच्या एका तुकडीची जबाबदारी माझ्यावर होती, रायफली माझ्या सहीनं निघायच्या, आणि माझ्या गळ्याची बातमी मात्र व्हरांड्यात नवऱ्याला सांगत होते. भीती वाटायच्या आधी मला राग आला.

हे विमा कचेरीत नोकरी करायचे. बोलण्यात मुळातच बेताचे. दवाखान्यापासून घरापर्यंत आम्ही चालत आलो. अगदी आमच्या दारापाशी थांबून, कडीवर हात ठेवून यांनी सांगितलं की गाठ काढावी लागेल, ती कॅन्सरची असू शकते, आणि आवाजाची नस तिच्या मागूनच जाते.

कॅन्सर हा शब्द तेव्हा लोक मोठ्यानं उच्चारत नसत. तो ऐकल्यावर माणसाला मरण दिसतं म्हणतात. मला दिसलं ते सव्वीस जानेवारीचं ग्राउंड. मरणाचा विचार नंतर आला, आमच्या सात वर्षांच्या मंजूची वेणी घालताना. तिच्या केसांतून माझा हात पुढं जाईना. आई, ओढतेयस, असं ती म्हणाली तेव्हा मी भानावर आले.

दवाखान्यातले दिवस

ऑपरेशन डिसेंबरात झालं. बायकांचा लांबलचक वॉर्ड होता. पहाटे थर्मामीटर, मग फिनेलच्या वासाचं फडकं घेऊन फरशी पुसून जाणारी बाई, मग डॉक्टरांची फेरी, मग डबे. दवाखान्यात माणूस किती वाट बघतो ते आत गेल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांची वाट, रिपोर्टाची वाट, डब्याची वाट. सगळ्यात वाईट दुपार. डबे आणणारी माणसं निघून जायची, वॉर्ड गप्प व्हायचा आणि मनात नको ते सुरू व्हायचं. त्या वेळी तिथली एक आया माझ्या खाटेशी येऊन बसायची आणि न विचारता माझे केस विंचरून द्यायची. तिला माझ्याशी बोलायचं नसायचं. तिला टेकायला जागा हवी असायची. पण त्या कंगव्यानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या बोलण्यानं दिला नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सर्जन आले आणि म्हणाले, नाव सांगा. मी सांगितलं. म्हणजे ओठ हलले, श्वास बाहेर पडला, पण नाव काही आलं नाही. फुगा सोडल्यावर होतो तसा आवाज. त्यांनी या वेळी मात्र खुर्ची ओढली आणि सगळं मलाच सांगितलं. गाठ उजव्या बाजूच्या नसेला चिकटून बसली होती, नस ठेवून ती निघत नव्हती. गाठ ठेवली असती तर मी राहिले नसते. पुढं रिपोर्ट आला. गाठ वाईटच होती, पण सगळी निघाली होती. गाठीबरोबर थायरॉइडची ग्रंथीही गेली होती, म्हणून तिची गोळी जन्मभर घ्यावी लागेल आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यावं लागेल, एवढ्यावर निभावलं.

जो येईल तो म्हणायचा, जीव वाचला, आवाजाचं काय घेऊन बसलीस. त्यांचं बरोबरच होतं. पण माझं काहीतरी गेलं होतं आणि त्याचं दुःख करायला कुणी मोकळीक देत नव्हतं. नाही म्हणायला उस्तादांनी दिली. ते गणवेशातच आले, टोपी मांडीवर ठेवून स्टुलावर बसले. काळजी करू नका, सगळं ठीक होईल, असलं काही बोलले नाहीत. कुठल्या मुलीचं पाऊल चुकतंय, कुणाला ताप आहे, किती जणींच्या बुटांचे सोल निघालेत, असा सगळा अहवाल दिला. उठताना म्हणाले, "लई वंगाळ झालं, बाईसाहेब." बास. ते गेल्यावर मी पहिल्यांदा पोटभर रडले, आणि आता आपल्या रडण्यालाही आवाज नाही हे तेव्हा कळलं.

एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवते. नस गेली की पाणीसुद्धा वाट चुकतं. पहिल्या घोटाला मला इतका ठसका लागला की वाटलं, ऑपरेशननं नाही तर पाण्यानं जाणार. हनुवटी छातीकडं वळवून बेतानं, थोडं थोडं प्यायचं, असं नर्सनं शिकवलं. अजूनही घाईत प्यायले तर ठसका लागतोच.

कुजबुजणारं घर

घरी आल्यावर एक मजा झाली. मी श्वासातच बोलायची म्हणून समोरचाही तसाच बोलायला लागायचा. हे कुजबुजत विचारायचे, भाजी काय आणू. मंजू माझ्या कानाशी येऊन शाळेतलं सांगायची. दूधवाला, मोलकरीण, शेजारीण, सगळी कुजबुजत होती. घरात कुणी झोपलंय किंवा गेलंय असं वाटावं. एकट्या आत्याबाई आपल्या नेहमीच्या पट्टीत बोलायच्या आणि त्यांचं बोलणं ऐकलं की मला बरं वाटायचं.

मंजूची जुनी पाटी मी गळ्यात अडकवली. हाक मारायला माझी परेडची शिट्टी वापरायला लागले. एक शिट्टी म्हणजे मंजू, दोन म्हणजे हे, तीन म्हणजे आत्याबाई. दोनच दिवसांत आत्याबाईंनी ती शिट्टी डाळीच्या डब्यात लपवली. शेजारच्या म्हाताऱ्यांना दारात पोलीस आल्यासारखं वाटत होतं म्हणे.

पण हसण्यासारखंच सगळं नव्हतं. पाटीवर लिहायला वेळ लागतो आणि लोकांना धीर नसतो. मी दोन शब्द लिहिले की हे पुढचे स्वतःच बोलून टाकायचे. बहुतेक वेळा चुकीचे. मग मी मान हलवायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एका संध्याकाळी यांनी विषय काढला की आता ते ग्राउंड सोड, राजीनामा लिहून दे, जीव वाचला तेवढा पुरे. माझ्या काळजीनंच म्हणत होते, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी लिहायला घेतलं, "नाही, कारण..." कारण लिहून व्हायच्या आत यांनी माझ्या हातातली पाटी घेतली, हातानं पुसली आणि म्हणाले, आता वाद नको.

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कधी तोडून बोलले नव्हते. आत्याबाई दारात कांदा चिरत बसल्या होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली आणि उठून आल्या.

"पाटी पुसतोस व्हय रे?" त्या म्हणाल्या. "तोंड दाबल्यासारखंच झालं की ते."

हे खाली बघायला लागले. थोड्या वेळानं यांनी ती पाटी स्वतःच्या धोतरानं नीट कोरडी केली, माझ्या मांडीवर ठेवली, खडू हातात दिला आणि समोर बसून राहिले. मी पूर्ण लिहिलं. यांनी पूर्ण वाचलं. पटलं नाही, पण त्या दिवसापासून माझं वाक्य संपेपर्यंत थांबायला शिकले. आजही थांबतात.

हुकूम कुणी द्यायचा

सव्वीस जानेवारी जवळ आली. मुलांच्या तुकडीचे जे सर होते ते भेटायला आले. सज्जन गृहस्थ. मोसंबी आणली होती. म्हणाले, मुलींचं संचलन रद्द होऊ द्यायचं नाही, हुकूम मी देतो, वरच्या कार्यालयाशी बोलणंही झालंय. मी पाटीवर एकच शब्द लिहिला, "सिंधू."

सिंधू म्हणजे आमच्या तुकडीतली सगळ्यात वरच्या हुद्द्याची मुलगी. उचगावची. घरी म्हशी, वडील सायकलवरून शहरात दूध घालायचे आणि मागच्या बाजूला बसवून तिला कॉलेजला सोडायचे. तिला आवाज होता, पण तो शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा. तिचं हिंदी उचगावचं. सर हसले आणि म्हणाले, मॅडम, ती सावधान म्हणते ते म्हशीला हाकारल्यासारखं वाटतं. मी लिहिलं, "ऐकू येतं ना?" यावर ते आणखी हसले. पण खरी अडचण त्यांनीच सांगितली. सिंधूचं लग्न जमवायचं चाललंय, वडील तयार होणार नाहीत.

दुसऱ्याच दिवशी तिचे वडील आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. दुधाच्या कॅनसकट सायकल भिंतीला लावली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पाटीवर लिहायची आणि आत्याबाई ती मोठ्यानं वाचून दाखवायच्या. त्या चौथी शिकलेल्या, पण वाचताना माझ्या शब्दांत आपले दोन-चार घातल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मी लिहिलं होतं, "सिंधूला विचारलंत का?" त्यांनी वाचलं, "पोरीला इचारलासा का? का गुरासारखी धरून बांधायची हाय तिला?" मी त्यांचा पदर ओढला.

तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, मलकापूरचं पावणं यायचं हायत बघायला. पोरगी अख्ख्या कोल्हापुरासमोर वरडली, तर काय म्हणतील ती माणसं?"

मी खडू उचलला, पण आत्याबाई माझ्यासाठी थांबल्या नाहीत.

"आमची सून इतकी वर्षं वरडतीया," त्या म्हणाल्या. "आम्ही ठेवली न्हाय घरात? मी तिला रोज बोलायची, बाईमाणसानं एवढं वरडू ने म्हणून. आता वरडत न्हाय, तर संध्याकाळ झाली की घर खायला उठतंय मला."

मला हे माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं आणि आताही मला नाही, तात्यांनाच सांगत होत्या. मी पाटीवर खाली मान घालून उगाच रेघा मारत बसले. तात्या थोडा वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तिलाच इचारतो," आणि गेले.

सिंधूनं काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

सव्वीस जानेवारी

डॉक्टर नको म्हणत असताना मी ग्राउंडवर गेले. खाकी साडी नेसले, गळ्याला मफलर गुंडाळला आणि मुलींच्या बाजूला, रांगेपासून थोडी लांब उभी राहिले. थंडी होती. सिंधू माझ्याकडं आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. चुकलं तर काय करू, असं विचारलं. पाटी घरी राहिलेली. मला काय सांगावं सुचेना आणि सुचलं असतं तरी सांगता आलं नसतं. मला हसू आलं. त्या हसण्यातून नुसती हवा बाहेर पडली, फुस्स करून. ती ऐकून सिंधूलाही हसू फुटलं, आणि हसतच ती आपल्या जागेवर गेली.

तिनं हुकूम दिला. "तेज चल" म्हणताना तिचं हिंदी शुद्ध उचगावचंच होतं, पण आवाज पार पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटला. मुली निघाल्या. बुटांचा आवाज एक येत होता. माझ्या शेजारी उभे असलेले दोन फेटेवाले गृहस्थ आपसात कुजबुजणं विसरून बघत राहिले. तिकडं गर्दीत आत्याबाई मंजूला कडेवर उचलून उभ्या होत्या. सात वर्षांची पोर, पाय जमिनीला लागायला आलेले, तरी उचललेलं.

मला आनंद झाला, अभिमान वाटला, सगळं झालं. पण त्याच वेळी हेवाही वाटला. तो हुकूम माझा होता. मी तो कितीतरी महिने मनात देत होते. अशा वेळी माणसाच्या मनात चांगलंच येतं असं नाही, हे आजारातून जाणाऱ्यांना मुद्दाम सांगते. येऊ द्यावं. मुली मानवंदना देऊन पुढं गेल्या, ग्राउंडच्या टोकाला वळल्या, आणि तोवर तो हेवा बराचसा ओसरला होता.

मलकापूरच्या पाहुण्यांनी नकार कळवला. पोरगी फार दांडगी आहे म्हणाले. तात्या आता आमच्याकडंही दूध घालायचे, पण आठवडाभर माप ओतून तसेच निघून जायचे. मग एक दिवस आमच्याकडं दूध ओतता ओतता म्हणाले की आधीच कळलं ते बरं झालं, नाहीतर पोरीला जन्मभर कुजबुजतच बोलावं लागलं असतं.

अर्धा आवाज

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. दोन्ही तळहातांनी भिंत ढकलायची आणि जोर लावताना "आ" म्हणायचं. उरलेली एक बाजू दुसऱ्या बाजूपर्यंत पोचायला शिकते म्हणे. मी रोज सकाळी माजघरातली भिंत ढकलायची. नुसतीच हवा निघायची. मला कंटाळा येतो हे पाहून आत्याबाई शेजारी उभ्या राहून तीच भिंत ढकलायला लागल्या. त्यांचा "आ" असा काही निघायचा की समोरच्या घरातून विचारणा झाली. पण त्यामुळं मी हसायची आणि हसता हसता जास्त जोर लागायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी हवेतून काहीतरी खरखरीत बाहेर पडलं. गंजलेली बिजागरी वाजावी तसं. आत्याबाईंनी भिंतीवरचे हात काढले आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. मी परत केलं. परत आलं. मग त्या आत गेल्या आणि साखर आणून माझ्या तोंडात घातली.

तो आवाज हळूहळू वाढला आणि एका जागी येऊन थांबला. आज आहे तो हा. जवळच्याला ऐकू जातो, वर्गात पहिल्या चार बाकांना जातो, फोनवर लोक मला "भाऊ" म्हणतात. जूनमध्ये मी छात्रसेनेच्या कार्यालयात गेले. तिथल्या कर्नलसाहेबांनी सरळच विचारलं, हुकूम देता येत नाही, मग तुम्ही करणार काय? मी त्याच आवाजात म्हटलं, "हुकूम मुली देतील. मी त्यांना तयार करते." त्यांना दोनदा सांगावं लागलं, पण त्यांनी मला ठेवलं. तेव्हापासून आमच्या तुकडीत दर वर्षी एक मुलगीच हुकूम देते, आणि मुलांच्या सरांना विचारायची वेळ पुन्हा आली नाही.

ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांना एवढंच सांगेन. डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावलं तर तुम्हीही उठून बाहेर जा, गळा तुमचा आहे. पाटी जवळ ठेवा. घरच्यांना सांगा की कुजबुजू नका आणि आमची वाक्यं पुरी करू नका. पाणी हळू प्या. गोळी चुकवू नका. आणि आत्याबाईंसारखं कुणी असेल तर त्यांना बोलू द्या.

स्टेशनवर

बी. ए. झाल्यावर सिंधूनं सैन्यात जायचं ठरवलं. चौकशी केली तर बायकांना नर्स म्हणून घेतो, नाहीतर डॉक्टर होऊन या, असं उत्तर मिळालं. तिला दोन्ही नको होतं. मला आजारी माणसं नकोत, पलटण पाहिजे, असं ती उस्तादांसमोर पाय आपटून म्हणाली. तशी पलटण बायकांना अजूनही मिळत नाही. पण छात्रसेनेत मुलींच्या तुकड्यांवर पूर्ण वेळच्या बायका अधिकारी घेत होते. कॉलेजात शिकवून वर ग्राउंड सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या नव्हेत, त्याच कामाच्या, त्याच गणवेशातल्या. सिंधूनं अर्ज केला आणि तिची निवड झाली. ट्रेनिंगला ग्वाल्हेरला जायचं होतं.

तिला पोचवायला स्टेशनवर आम्ही तिघंच होतो. तिची आई, तात्या आणि मी. आत्याबाईंचे गुडघे धरले होते म्हणून त्या आल्या नव्हत्या, पण लाडवांचा मोठा डबा त्यांनी माझ्याकडं दिला होता. सिंधूची आई खिडकीशी उभी राहून तिला खाण्याच्या वस्तू कुठं कुठं ठेवल्यात ते सांगत होती. तात्या माझ्याजवळ आले.

"बाई," ते म्हणाले, "तिकडं तिला काय म्हणत्यात? हाताखालची माणसं?"

"साहेब म्हणतील," मी म्हटलं. "बाई असली तरी हुद्द्याला साहेबच म्हणतात."

त्यांनी मान हलवली. गाडीनं शिट्टी दिली, डबे हलले. तात्या खिडकीबरोबर चालायला लागले आणि मी त्यांच्या मागं. सिंधू काहीतरी ओरडून सांगत होती, तिचं आम्हाला नीट ऐकू येत होतं. पत्र टाकते म्हणत होती. तात्यांनी तिच्याकडं बघत ओठ हलवले. "सांभाळून जावा, सायेब," असं ते म्हणाले. मी अगदी बाजूला होते म्हणून मला कळलं.

तिला ते ऐकू गेलं नाही. तात्यांचा गळा भरून आला होता, आणि माझ्या गळ्याचं तर वर सगळं सांगितलंच आहे. आम्ही दोघांनी नुसते हात हलवले.